घरातील डिमर आणि पंख्याचे रेग्युलेटर : बिघाड नेमका कोठे शोधावा?



उसाची लागण, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, तोडणीचा कार्यक्रम हे विषय या पानांवर नेहमीचेच आहेत. विहिरीवरील मोटर, स्टार्टर, कपॅसिटर यांविषयीही मागे लिहून झाले. आज जरा शेतातून घरात येऊ. कारण असे की, विद्युत विभागात आमच्याकडे सभासद येतात ते पूर्वी मोटरीची तक्रार घेऊन येत. अलीकडे निम्मे लोक घरातलीच तक्रार सांगतात. "नवीन बंगला बांधला, हॉलमध्ये डिमर बसवला, पण दिवे लुकलुकतात." "पंखा पाचवर ठेवला तरी जागचा हलत नाही." अमळनेरकडील एका आप्पांनी तर एका वाक्यात सगळे सांगितले : "पंखा फिरस, पन वारा लागत नही."

आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. भुसावळ-जळगावकडे तर त्याच्याही वर. अशा वेळी पंखा ही चैनीची वस्तू राहत नाही. घरात तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर रात्री दोन वाजता बंद पडलेला पंखा म्हणजे मोठेच संकट. म्हणून हा लेख. तो वाचून कोणी स्वतः बोर्ड उघडावा, असा आमचा हेतू मुळीच नाही. बिघाड कोठे आहे हे आपल्याला समजले, तर वायरमनला नेमके सांगता येते आणि फुकटचा खर्च वाचतो, एवढेच.

डिमर करतो काय?

पाण्याचे उदाहरण घेऊ. उसाला बारे देताना पाणी कमी सोडायचे असेल तर दोन प्रकार आहेत. एक, चारीच्या तोंडाशी दगड, गवत, गोणपाट लावून धार अडवायची. दुसरा, दार पूर्ण उघडायचे, पण थोडाच वेळ. पुन्हा बंद, पुन्हा उघडायचे.

जुना पंख्याचा रेग्युलेटर आठवतो ना? काळा, पेटीसारखा, भिंतीवर बसवलेला, आणि हात लावला तर चटका बसावा इतका गरम. तो पहिल्या प्रकारचा. त्याच्या आत तारेची गुंडाळी असते. वीज त्या तारेतून अडखळत जाते, अडवलेल्या विजेची उष्णता होते आणि पेटी तापते. पंखा हळू केला की बिल त्याच प्रमाणात कमी येईल, असा आपला समज असायचा. वास्तविक पंख्यात वाचलेल्या विजेतला बराच भाग पेटीत जळत असे.

आजचा डिमर दुसऱ्या प्रकारचा. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, म्हणजे शंभर अर्ध्या लाटा. प्रत्येक अर्धी लाट एका सेकंदाच्या शंभराव्या भागाची. डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा बोटाच्या पेराएवढा भाग असतो. तो प्रत्येक अर्ध्या लाटेत दार थोडे उशिरा उघडतो. किती उशिरा, हे आपण बटण फिरवून ठरवतो. लवकर उघडले तर दिवा तेज, उशिरा उघडले तर मंद. हे काम सेकंदाला शंभर वेळा चालते, म्हणून डोळ्याला ते कळत नाही. दार एक तर उघडे किंवा बंद, मध्ये अडवाअडवी नाही, म्हणून उष्णताही फारशी होत नाही.

ही युक्ती न्यूयॉर्कच्या जोएल स्पायरा या गृहस्थांनी १९५९ मध्ये आपल्या राहत्या घरातल्या एका रिकाम्या खोलीत बसून जुळवली आणि १९६१ मध्ये तिचा कारखाना काढला. त्यापूर्वी दिवे मंद करण्याची साधने मोठी आणि बोजड होती. ती नाटकगृहातच असत. याच घराण्यातले मोठे भाऊ, म्हणजे थायरिस्टर, साखर कारखान्यांतही असतात. डी.सी. मोटरीवर चालणाऱ्या गिरण्यांचा वेग त्यांच्यावरच कमी-जास्त होतो. तेथे ते तळहाताएवढे असतात आणि त्यांना पंख्याने किंवा पाण्याने थंड ठेवावे लागते.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. ट्रायॅक हे दार आहे खरे, पण ते कधीच घट्ट लागत नाही. बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपते. म्हणून डिमरचे बटण शून्यावर आणले म्हणजे तार निर्जीव झाली, असे कोणीही समजू नये. होल्डरला हात लावायचा असेल तर मेन स्विच पाडूनच.

एल.ई.डी. दिवे का लुकलुकतात?

सर्वांत जास्त तक्रार हीच. उजाला योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. दिवे वाटले गेले. पिवळा बल्ब घरोघरी गेला, त्याच्या जागी नऊ वॅटचा पांढरा आला. ही फार चांगली गोष्ट झाली. पण भिंतीवरचा डिमर मात्र जुनाच राहिला, किंवा दुकानदाराने नवीन म्हणून दिलेलाही जुन्याच पद्धतीचा निघाला.

तारेचा बल्ब साधा होता. जेवढी वीज मिळेल तेवढा तापायचा, तेवढा उजेड द्यायचा. लाट कापून द्या, अर्धी द्या, त्याची तक्रार नव्हती. तार एकदा तापली की लगेच निवत नाही, त्यामुळे मधली खंडही दिसत नसे. एल.ई.डी. दिव्याच्या बुडात मात्र एक छोटे सर्किट असते. त्याचे कामच असे की, वरून वीज कशीही येवो, दिव्याला सारखी पोहोचवायची. म्हणजे डिमर म्हणतो कमी कर, आणि दिव्यातले सर्किट म्हणते मी कमी होऊ देणार नाही. बैलजोडीतला एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे, तशी गत. मग दिवा लुकलुकतो, गुणगुणतो, किंवा अर्ध्या बटणापर्यंत तेज राहून एकदम विझतो.

दुसरे कारण वजनाचे. ट्रायॅकचे दार उघडे राहायला त्यातून काही किमान वीज वाहावी लागते. जुन्या डिमरांपैकी पुष्कळांना निदान चाळीस ते साठ वॅटचा भार हवा असतो. नऊ वॅटचा एकच दिवा लावला तर दार उघडते आणि लगेच आपटते. चारीला पाणीच इतके थोडे की दांडापर्यंत पोहोचतच नाही, असे म्हणा.

उपाय कोणता? दिव्याच्या खोक्यावर 'डिमेबल' असे लिहिले आहे का, ते पाहावे. लिहिलेले नसेल तर तो डिमरसाठी नाही असेच धरावे. दिवा डिमेबल घेतला आणि तरीही त्रास होत असेल, तर डिमर एल.ई.डी.साठीचा घ्यावा. काही डिमरांना आत बारीक स्क्रू असतो, त्याने सर्वांत मंद पातळी थोडी वर घेता येते. वायरमनला तेवढे सांगितले तरी पुष्कळदा काम होते. झुंबरात सहा दिवे असतील तर त्यांतला एक जुना तारेचा ठेवून बघावा. त्याच्या भाराने बाकीचे पाच स्थिरावतात. हे दिसायला ओबडधोबड आहे, पण आम्ही करून पाहिले आहे.

आणि खरे सांगायचे तर, वापरायच्या खोलीत डिमर हवाच कशाला, असा प्रश्न आम्हाला पडतो. तीनशे वॅट जाळणाऱ्या झुंबराला मंद करण्यात बचत होती. चोपन्न वॅटच्या झुंबराला मंद करून काय वाचणार? दोन बटणे करा, तीन दिवे एकावर, तीन दुसऱ्यावर. शोभेसाठी पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी.

सी.एफ.एल. दिवे, म्हणजे ते वेटोळ्याचे, अजून कोणाकडे असतील तर ते डिमरवर लावूच नयेत. तसेच चोकवाली ट्यूबलाइटही. त्यांच्यातले भाग तापतात आणि वास यायला लागतो.

बंद केलेला दिवा रात्रभर मिणमिणतो

ही तक्रार सांगताना लोक जरा दबक्या आवाजात सांगतात. घरात काही बाधा वगैरे आहे का, असा विचार मनात येऊन गेलेला असतो. तसे काही नाही. एल.ई.डी.ला उजळायला इतकी थोडी वीज पुरते की झिरपलेलीही चालते. डिमरमधून झिरपते, किंवा बटणात जो लाल इंडिकेटर असतो त्यातून जाते, किंवा लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या दोन तारांपैकी एकीतून दुसरीत उतरते. ही कारणे निरुपद्रवी आहेत.

चौथे कारण मात्र तसे नाही. वायरिंग करताना बटण फेजवर न घेता न्यूट्रलवर घेतलेले असले, तरी दिवा असाच मिणमिणतो. अशा घरात बटण बंद केले तरी होल्डरमध्ये पूर्ण फेज उभी असते. जुन्या धाब्याच्या घरांत, जेथे दोन-तीन वेळा वायरिंग बदलले गेले आहे, तेथे हे आम्हाला वारंवार आढळले. वायरमनकडून एकदा टेस्टर लावून प्रत्येक बटण तपासून घ्यावे. घरात होल्डरला हात लावणारा मुलगा असेल तर उद्याच.

पंख्याच्या तक्रारी

आता पंखा. पहिली गोष्ट अशी की, पंखा हळू फिरतो म्हणून रेग्युलेटर बदलणे हा पैशांचा अपव्यय ठरण्याचीच शक्यता अधिक. पंख्याच्या वरच्या वाटीत एक कपॅसिटर असतो, आपल्याकडे कंडेन्सर म्हणतात, बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा. उष्णतेने तो वर्षागणिक क्षीण होत जातो. पंखा पूर्ण वेगावरही हळू असेल, किंवा बटण दाबल्यावर नुसताच गुणगुणत असेल आणि काठीने पाते ढकलल्यावर फिरू लागत असेल, तर दोष कंडेन्सरचा. रेग्युलेटरपेक्षा तो कितीतरी स्वस्त असतो. बदलताना त्याच माप-आकड्याचा घ्यावा. "मोठा टाकला की वारा जास्त" असे सांगणारे भेटतात, त्यांचे ऐकून वायंडिंग जळालेले पंखे आमच्याकडे आलेले आहेत.

पात्यांवर धूळ बसली, बेअरिंग कोरडे पडले, तरी वेग जातो. आपल्याकडे शेतातली माती आणि चुलीचा धूर यांनी पात्यांच्या कडेला जो काळा थर बसतो, तो पुसला तरी फरक कळतो.

पंखा कोणत्याही आकड्यावर एकाच, पूर्ण वेगाने फिरतो, ही तक्रार मात्र रेग्युलेटरची. ट्रायॅक जळतो तेव्हा बहुधा दार कायमचे उघडे राहते. डिमरचा दिवा कायम तेज राहतो, तेही त्याच कारणाने. दोन आणि चार आकड्यांवर चालतो, एक-तीनवर नाही, असे असेल तर तो कपॅसिटरचा, टकटक असे टप्प्याने फिरणारा रेग्युलेटर आहे आणि त्याच्या आतला एखादा भाग किंवा संपर्क गेला आहे. हा दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता बदलावा.

हळू वेगावर पंखा 'घूं' असा आवाज करतो, तेव्हा बिघाड काहीच नसतो. लाट मध्येच कापल्यामुळे प्रत्येक वेळी वीज एकदम धक्क्याने आत शिरते आणि वायंडिंग थरथरते. मीडियम वेव्हवर रेडिओ लावला तर तीच खरखर त्यातही ऐकू येते. झोप मोडत असेल तर टप्प्याचा कपॅसिटर रेग्युलेटर बसवावा, आवाज जातो. पण हा रेग्युलेटर पंख्यासाठीच असतो, दिव्याला लावू नये. इन्व्हर्टरवर आल्यावरच घूं होत असेल तर दोष इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेचा आहे, पंख्याला बोलून उपयोग नाही.

कूलरविषयी मुद्दाम लिहितो, कारण एप्रिल-मेमध्ये ही चूक घरोघर होते. छतपंख्याचा रिकामा पडलेला रेग्युलेटर कूलरला जोडतात. कूलरच्या मोटरीचा भार छतपंख्यापेक्षा बराच जास्त असतो. रेग्युलेटर तापून वितळतो, आणि तो ज्या लाकडी बोर्डावर असतो तो बोर्डही. कूलरला वेगाचे स्वतःचे बटण असते, तेच वापरावे. तसेच हल्ली तीस वॅटच्या आसपास चालणारे, रिमोटचे जे बी.एल.डी.सी. पंखे निघाले आहेत, त्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर जोडू नये. पंख्यातले कार्ड जाते आणि खोक्यावर तसे लिहिलेले असल्याने गॅरंटीही मिळत नाही.

पावसाळ्यात धाब्यातून पाणी झिरपून भिंत ओली होते, बोर्डामागे मुंग्या वारूळ करतात, पाल अडकते. रेग्युलेटर फिरवताना चरचर आवाज आला किंवा मासळीसारखा वास आला, तर त्याच क्षणी मेन स्विच पाडावा. हा वास तापलेल्या प्लॅस्टिकचा असतो.

एका घरातली गोष्ट

आता जे लिहायला बसलो होतो त्याकडे येतो. शिरपूर तालुक्यातील एक सभासद. नाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी नवीन घर बांधले, थ्री फेज मीटर घेतले. हॉल एका फेजवर, स्वयंपाकघर आणि देवघर दुसऱ्यावर, माडी आणि पाण्याची मोटर तिसऱ्यावर. हॉलमध्ये डिमर आणि एल.ई.डी.चे झुंबर. दिवे लुकलुकतात म्हणून त्यांनी आम्हाला बोलावले. वर सांगितले तेच कारण होते. आम्ही दिवे बदलायला लावले, लुकलुक थांबली. चहा झाला. निघताना घरातल्या आजी म्हणाल्या, "भाऊ, मोटर चालू व्हयनी का देवना दिवा मोठा व्हस."

आम्ही हसून म्हणालो, "माय, होल्टेज आहे, चालायचंच." आणि गाडीला किक मारून निघून आलो.

ही आमची चूक. आजही तो प्रसंग आठवला की मान खाली जाते. कारण मोटर सुरू झाल्यावर दिवा मंद झाला असता तर ते 'होल्टेज' होते. दिवा मोठा होतो म्हणजे काय, हे आम्ही थांबून विचारायला हवे होते. विजेचे काम करणाऱ्याने तरी.

नऊ-दहा दिवसांनी सकाळी माडीवरचा गिझर चालू केला. देवघरातला झिरोचा बल्ब झळाळून फुटला. फ्रिजमधून धूर आला. टी.व्ही., हॉलमधला नवीन डिमर, खालच्या दोन्ही पंख्यांचे रेग्युलेटर, मोबाईलचा चार्जर, सगळे एका मिनिटात गेले. माडीवर मात्र गिझर कोमटही झाला नाही. माणसांना काही झाले नाही, ही देवाची कृपा. मेन बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलची ॲल्युमिनियमची तार लिंकच्या स्क्रूखाली काळी पडून तुटलेली होती.

हे कसे घडते ते समजून घ्यावे, कारण अशी घरे आता गावोगाव आहेत. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट असतात. पण एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत ४०० असतात. न्यूट्रल शाबूत असते तोवर प्रत्येक फेजचा हिशेब त्याच्याशी स्वतंत्र चालतो. न्यूट्रल तुटली की दोन फेजवरच्या वस्तू एका माळेत जोडल्यासारख्या होतात आणि ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. वाटणी सरळ होत नाही. समजा एका बाजूला हजार वॅटची इस्त्री आहे आणि दुसऱ्या बाजूला शंभर वॅटचे सामान. इस्त्रीचा विरोध सुमारे ५३ ओहम, दुसऱ्याचा ५२९. ज्याचा विरोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टही जास्त. हिशेब केला तर इस्त्रीला ३६ व्होल्ट मिळतात आणि शंभर वॅटच्या सामानाला ३६४. २३० वर चालणारी वस्तू ३६४ व्होल्टवर किती वेळ टिकेल? त्या घरात इस्त्रीच्या जागी गिझर होता, आणि दुसऱ्या बाजूंना फ्रिज, टी.व्ही. आणि देवाचा दिवा.

न्यूट्रल एका दिवसात तुटत नाही. ॲल्युमिनियम मऊ. स्क्रूखाली दाबले की हळूहळू पसरते, पकड सैल होते, सैल झाले की तापते, तापले की आणखी सैल होते. त्या आठ-दहा दिवसांत न्यूट्रल अर्धवट धरून होती. मोटर चालू झाली की तिच्या फेजवरचे व्होल्ट पडत आणि दुसऱ्या फेजवरचे चढत. देवघरातला दिवा तेच रोज सांगत होता.

बाकी दिवे का सांगत नव्हते? कारण ते एल.ई.डी. होते. तारेच्या बल्बला व्होल्ट दहा टक्के कमी मिळाले तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. चढले तर तसाच वाढतो. संध्याकाळी सगळ्या मोटरी सुरू झाल्या की घरातला बल्ब लाल पडायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तो एक प्रकारे व्होल्ट मोजण्याचे यंत्रच होता. चांगला एल.ई.डी. दिवा दीडशेला आणि अडीचशेला सारखाच उजळतो. सोय झाली, पण सूचना बंद झाली. त्या घरात तारेचा बल्ब फक्त देवघरात उरला होता, आणि तिकडे दिवसातून दोनदा लक्ष देणारे माणूस फक्त आजी.

लक्षणे कशी ओळखावी

म्हणून उजेड किंवा पंखा आपोआप कमी-जास्त होत असेल तर डिमरला हात लावण्यापूर्वी एवढे पाहावे. मोठी वस्तू चालू केल्यावर सगळ्या घरात उजेड किंवा वारा थोडा कमी झाला, तर ती नेहमीची घट आहे. तार बारीक आहे किंवा गावात त्या वेळी भार जास्त आहे. फक्त डिमरवरचाच दिवा हलतो, बाकी सगळे स्थिर, तर डिमरचा किंवा त्या दिव्याचा दोष. पण एका खोलीत कमी आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीत जास्त, दिवा मोठा होतो, पंखा एकाएकी जोर धरतो, तर न्यूट्रल. तेव्हा दुसरा विचार न करता मेन स्विच पाडावा आणि वायरमन येईपर्यंत उचलू नये. त्याने प्रत्येक फेजचे न्यूट्रलशी व्होल्ट मीटरने मोजावेत, मोटर बंद असताना आणि चालू करताना. एक फेज पडताना दुसरी चढली तर शंका उरत नाही.

आपल्या घरी सिंगल फेज मीटर असेल तर घरातली न्यूट्रल तुटल्यावर नुसता अंधार होतो, वस्तू जळत नाहीत. पण गावातल्या लाइनची किंवा डीपीवरची न्यूट्रल सैल झाली तर सिंगल फेजवाल्यांनाही तोच धोका. त्याची खूण अशी की, शेजारच्या दोन घरांत उजेड वाढतो आणि समोरच्या आळीत कमी होतो. अशा वेळी डीपीकडे आपण जायचे नाही, कोणी 'मी करतो' म्हणून खांबावर चढत असेल तर त्याला खाली उतरवायचे, आणि महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवायचे.

हॉलमध्ये, देवघरात निदान एक तारेचा बल्ब राहू द्यावा असे आम्ही आता मुद्दाम सांगतो. झिरोचा बल्ब नावाला झिरो. तो बारा ते पंधरा वॅट घेतो, पण तेवढे सोसावे. मेन बोर्डात न्यूट्रलच्या तारेला लग दाबून बसवलेला असावा, नुसती पिळून स्क्रूखाली घातलेली तार नको. न्यूट्रलवर फ्यूज नको. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर किटकॅट दिसतात, तेथे न्यूट्रलचा फ्यूज काढून सरळ लिंक करून घ्यावी. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याच्या तोंडी, मेन बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्यावेत. तीस मिलीॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. असेल तर माणूस वाचतो, पण व्होल्ट चढल्यावर तो काही करत नाही. त्यासाठी व्होल्ट ठरावीक मर्यादेबाहेर गेले की वीज तोडणारे वेगळे उपकरण मिळते, थ्री फेज घरात ते बसवावे.

शिरपूरच्या त्या घरात आम्ही हे सगळे करून दिले. आजींना काय म्हणावे ते सुचत नव्हते. त्यांनीच आम्हाला पाणी दिले आणि मेन बोर्डाकडे हात करून विचारले, "आते पक्कं कय का?" आम्ही त्यांच्यासमोर मोटर चालू-बंद करून दाखवली. दिवा हलला नाही.

गळीत हंगामात विद्युत विभागातील माणसे रात्रपाळीतही असतात, पण त्यांना गिरणी सोडून येता येत नाही. घरची तक्रार असल्यास सभासदांनी येताना एका कागदावर एवढे लिहून आणावे : मीटर सिंगल फेज की थ्री फेज, डिमरवर किंवा रेग्युलेटरवर छापलेले वॅट, दिव्याच्या खोक्यावरचा मजकूर, आणि बिघाड होतो त्या वेळी घरात दुसरे काय चालू असते. शेवटची गोष्ट घरात दिवसभर असणाऱ्या माणसाला विचारून लिहावी.